आवाज वाढला म्हणजे पिकअप वाढला? तसं नसतंय बे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्यातला एक सख्खा मेव्हणा, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मजकूर असा: ‘कंपनीवाले मुद्दाम सायलेन्सर जाम करून गाडी देतात. फ्री-फ्लो लावा. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, उन्हाळ्यात इंजिन थंड राहतं. आवाज मोठा असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतात. पीयूसी पास होते, म्हणजे कायद्याची भीती नाही. जुना सायलेन्सर आणून द्या, पाचशे रुपये सूट!’

आधीच सांगून टाकतो, मी सोवळ्यात बसून लिहीत नाहीये. माझ्या कार्बोरेटरवाल्या ३४६ सीसी बुलेटला मी आठ महिने पुंगळी, म्हणजे हाच फ्री-फ्लो, रुंद सरळ नळीचा सायलेन्सर, लावून फिरलोय. सोलापुरात सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत बऱ्याच जणांच्या शिव्या खाल्ल्यात.

‘कंपनी सायलेन्सर जाम करून देते, तो काढला की पिकअप वाढतो.’

मेसेजचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथं जरा थांबू. सायलेन्सर म्हणजे बाटलीचं बूच नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूचा दणका बेंड पाइपातून मागं पळतो. पाइप जिथं एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून त्या दणक्याची उलटी लाट इंजिनकडं परत येते, आणि ती येते कमी दाबाची. मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात, नेमकी तेव्हा ती पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत घेते. ती वेळ साधणं पाइपची लांबी, त्याचा व्यास आणि इंजिनचे फेरे यांवर ठरतं. आपण बुलेट ज्या फेऱ्यांवर रोज चालवतो, त्याच फेऱ्यांसाठी कंपनीनं ते गणित बसवलेलं असतं. रुंद सरळ नळी लावली की गणित वरच्या फेऱ्यांकडं सरकतं किंवा पार विस्कटतं.

‘इंजिनला बॅक प्रेशर लागतंच’ म्हणणारेही अर्धवटच बोलतात. दाब अडून राहणं कुठल्याच इंजिनच्या फायद्याचं नाही, लाट वेळेवर येणं फायद्याचं. आणि हेही कबूल करतो की रेसच्या गाडीला चांगला पाइप, त्याला जुळणारे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) किंवा इंजेक्शनच्या गाडीत नवा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) आणि मोकळा एअर फिल्टर असं सगळं मिळून केलं तर वरच्या फेऱ्यांना ताकद मिळते. पण आपल्याकडं दुकानात दोन नट ढिले करतात, कंपनीचा उतरवतात, पुंगळी चढवतात, रेस मारून दाखवतात. काम वीस मिनिटांत खलास. जेटला कुणी हातही लावत नाही.

मग पिकअप वाढल्यासारखं वाटतं ते काय? ते कान असतात. मलाही वाटलं होतं. एका मित्रानं पैज लावली. रविवारी पहाटे अक्कलकोट रोडला गेलो, तिसरा गिअर, चाळीसवरून साठ. मागं बसून तो मोबाइलवर वेळ मोजत होता. आधी पुंगळी, मग त्याच्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर माझ्या गाडीला लावून. कंपनीच्या सायलेन्सरवर दर वेळी कमी वेळ लागला. मित्र म्हणाला, ‘गाडी नाही बे पळाली तुझी, आवाज पळाला.’

आणि ते फटाके! थ्रॉटल सोडला की फाट फाट वाजतं, ते ताकदीचं लक्षण नाही. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन पेटतं, त्याचा तो आवाज. पैसे देऊन भरलेलं पेट्रोल रस्त्यावर फोडायचं आणि वर त्याला परफॉर्मन्स म्हणायचं.

बुलेटची ती जुनी ‘डुगडुग’ तरी पुंगळीची कुठं होती? एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील, ही सगळी त्यांची करामत. पुंगळीनं डुगडुग वाढत नाही, फाटते.

‘अ‍ॅव्हरेज वाढतं.’

माझं घटलं. कारण गमतीचं आहे: आवाज ऐकायला मी कारण नसताना थ्रॉटल पिळायचो.

‘उन्हाळ्यात इंजिन थंड राहतं.’

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढं गेल्यावर हे वाक्य कुणालाही गोड लागणार. पण एअर-कूल्ड इंजिन थंड होतं ते फिन्सवरून (इंजिनवरच्या पात्यांवरून) जाणाऱ्या वाऱ्यानं आणि ऑइलनं. जेट तेच ठेवून नळी मोकळी केली तर मिश्रण बऱ्याचदा लीन होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी. लीन चाललेलं इंजिन थंड नाही, जास्त तापतं. बेंड पाइप निळा पडला म्हणून घाबरू नका, एकेरी पत्र्याचा पाइप तसाही निळा पडतो. बघायचं तर प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर गाडी लीन चाललीय. माझा प्लग चुन्यात बुडवल्यासारखा निघाला होता.

बीएस-६ या धुराच्या निकषाच्या गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासूनच्या) इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो. पण पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, बहुतेक ठरलेल्या मॅपवरच चालतो, आणि तो मॅप कंपनीच्या सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो.

‘मोठ्या आवाजानं अपघात टळतात.’

पाइपाचं तोंड मागं असतं, धोका पुढून येतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूनं मोटारसायकल अपघातांचा मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल १९८१ चा. त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका स्वाराच्या समोरच्या पट्ट्यातच होता, सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत. काचा वर करून एसी लावलेल्या कारवाल्याला तुमची पुंगळी ऐकू येते ती तुम्ही त्याच्या पुढं गेल्यावर. आसरा चौकात आडवी घुसणारी रिक्षा तुम्हाला ब्रेकनं आणि हॉर्ननंच चुकवायची आहे.

ज्याला खरंच ऐकू जातं तो वेगळाच असतो. सिव्हिलमधला पेशंट, परीक्षेची पोरं, पाळण्यातलं बाळ. पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाशी किती मोठ्यानं बोलावं लागतं, हे आपल्या गावाला शिकवायला नको. त्यानं तो आवाज पोटासाठी सोसला. आपण पैसे मोजून विकत घेतोय.

‘पीयूसी पास, म्हणजे कायदेशीर.’

पीयूसीत गाडी उभी ठेवून धूर तपासतात, आवाज नाही. आवाजाची मर्यादा वेगळी आहे: १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७. कारखान्यातून निघताना गाडीनं ती चाचणी पास केलेली असते, ती याच सायलेन्सरच्या जिवावर. दहा डेसिबल वाढले तर ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्यामुळं ‘थोडासाच जास्त आहे’ यात काही अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला अपात्र. परवानगी नसलेला बदल केल्याबद्दल मालकाला कलम १८२अ(४) खाली दर बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चौकात पावती किती फाडतात ही गोष्ट वेगळी, पण ‘भीती नाही’ हे धादांत खोटं.

‘जुना सायलेन्सर द्या, पाचशे सूट.’

मेसेजमधलं हे एकच वाक्य मला मनापासून लिहिलेलं वाटतं. बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असतो, आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर असतो. भंगारात त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. माझी बुलेट जुनी, तरी पुंगळी लावली त्या दिवशी दुकानवाल्यानं मलाही ‘हा घरी नेऊन काय लोणचं घालणार?’ म्हणत सायलेन्सर ठेवून घेतला होता. आठ महिन्यांनी परत मागायला गेलो तर म्हणाले, ‘कुठला सायलेन्सर?’ नवा घेताना मोजलेल्या पैशांत तसल्या दोन पुंगळ्या आल्या असत्या.