‘नॉन’ म्हणजे पुढचा टप्पा नव्हे

इंदूरच्या मराठी गटांत, राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत, एक निरोप फिरतोय: ‘हॉजकिन हा लिम्फोमाचा सौम्य टप्पा. दुर्लक्ष केलं की त्याचा नॉन-हॉजकिन होतो, मग इलाज नाही. मानेच्या गाठीला सुईची तपासणी पुरते, कापली तर कॅन्सर पसरतो. बहुतेक टीबीच असतो, आधी गोळ्या घेऊन बघा.’

टप्प्याचं आधी. लिम्फोमा म्हणजे लिम्फ गाठींमधल्या पेशींचा कॅन्सर. थॉमस हॉजकिन या इंग्लिश डॉक्टरांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुढे १८९८ ला स्टर्नबर्ग आणि १९०२ ला डोरोथी रीड यांनी त्यातल्या घुबडाच्या डोळ्यांसारख्या मोठ्या पेशी नीट मांडल्या. या गटात न बसणारे लिम्फोमा, पन्नासहून जास्त प्रकार, ते नॉन-हॉजकिन. पहिली ते चौथी स्टेज दोन्हींत असते, आजार किती पसरलाय ते ती सांगते. चौथ्या स्टेजचा हॉजकिन हॉजकिनच राहतो.

‘इलाज नाही’ हेही खोटं. नॉन-हॉजकिनमधला सर्वांत जास्त दिसणारा प्रकार झपाट्याने वाढतो, तरी आर-चॉप या एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांनी (दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा) निम्म्याहून जास्त रुग्ण बरे होतात. काही संथ प्रकारांत तर नुसतं लक्ष ठेवतात. हॉजकिनची औषधं निराळी, कारण आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब हे औषध पेशीवरची सीडी२० ही खूण पकडतं आणि नेहमीच्या हॉजकिन पेशींवर ती सहसा नसते. (रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, दबलेला विषाणू उसळतो.)

आता सुई, खरा घोळ इथेच होतो. सुईने सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सरपेशी अनेकदा शंभरात एखादीच असते, बाकी सगळ्या सुजेच्या पेशी. ती निसटली की रिपोर्ट येतो ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे कॅन्सर नाही, नुसती सूज, आणि घरचे निर्धास्त. म्हणून शक्य असेल तर अख्खी गाठ काढायची, जांघेपेक्षा मानेतली बरी. त्याने कॅन्सर पसरत नाही. काढल्यावर गाठ लगेच चिरून एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायची तपासणी), बाकी गाठ १० टक्के फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रवात, द्रव गाठीच्या दहापट, बाटली रुंद तोंडाची. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की कल्चर होत नाही. छोट्या बाटलीत कोंबली तर मधला भाग सडतो आणि मार्कर, म्हणजे पेशी ओळखायच्या खुणा, नीट उमटत नाहीत. बायोप्सीआधी स्टेरॉइड नकोच. गाठ आक्रसते, चित्र पुसट होतं.

टीबीचं अर्धं खरं आहे. आपल्याकडे मानेच्या गाठी टीबीच्या खूप असतात. पण ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारा सुजेच्या पेशींचा पुंजका, हॉजकिनमध्येही दिसतो, म्हणून तेवढ्यावर गोळ्या सुरू करणं चूक. शिवाय टीबीची गाठ औषधं चालू असतानाही कधी वाढते. ‘घेऊन बघा’ने काहीच कळत नाही, महिने मात्र जातात.

दुसरं मत घ्यायला अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात निघाला असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, आणि मे महिन्यात ते उन्हातल्या गाडीत ठेवू नका.