एकट्यापुरता बुद्ध

बौद्ध जीवनपद्धती अंगीकारायची म्हणता? उत्तम विचार. धर्म नको, कर्मकांड नको, नुसतं रोजचं जगणं सुधारायचंय, हेही रास्तच. पथ्य एकच. हे सगळं एकट्याने करायचं. दुसरा माणूस आला की घोटाळा होतो.

सुरुवात मूर्तीपासून करा. डोळे मिटलेला, सोफ्याच्या रंगाला शोभेल असा बुद्ध घ्या. पोट सुटलेला हसरा गृहस्थ नको, तो चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू. मूर्ती बघून पाहुण्याने चाचरत विचारलं, "तुम्ही... म्हणजे...?" तर लगेच सांगून टाका, "छे छे, आम्ही त्यातले नाही. आपलं शोभेसाठी." त्यालाही हायसं वाटतं.

मग इगतपुरीचं विपश्यना शिबिर. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, फोन जमा, तोंड बंद. परतल्यावर मौनावर महिनाभर सहज बोलता येतं.

पंचशील अवघड नाही. मद्याचा मुद्दा आला की मध्यम मार्ग पुढे करा. खोटं न बोलण्याचं शील घरभाड्याच्या पावत्या जोडून झाल्यावर घ्या. सम्यक आजीविकेत दारूचा आणि शस्त्रांचा व्यापार वर्ज्य आहे खरा, पण आपला म्युच्युअल फंड कशात पैसे घालतो हे बघत बसणं हीसुद्धा तृष्णाच.

एका पुस्तकापासून मात्र जपा. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', १९५७ साली त्यांच्या पश्चात आलेला. तुम्हाला हवं तेच आहे त्यात, ईश्वर नाही, आत्मा नाही, चमत्कार नाहीत. गोम पुढे आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही म्हणतात, दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो. आता बघा, तुमची खोली, तुमची उशी, तुमचा श्वास, सगळं सुरळीत चाललेलं, आणि मध्येच हा दुसरा!

दुसरा म्हणजे कोण, तर साडेआठच्या मावशी. तुमचं आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, चालू असताना त्या भांडी घासतात. मग चहा. त्यांचा कप सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी पालथा असतो, कान तुटलेला. तो बाहेर काढताना मैत्रीभावना खंडित होऊ देऊ नका. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत. प्राणिमात्रांत कप येत नाही.

दुसरा म्हणजे फ्लॅट बघायला आलेला मुलगा. नोकरी चांगली, बोलणं नम्र, पण आडनावावरून अंदाज लागेना. मग गाव विचारा. तेही मोघम निघालं तर कुलदैवत विचारा. तो 'जयभीम' म्हणून मोकळा झाला, की नेमका तुमचा भाचा पुण्याला शिकायला येणार असल्याचं तुम्हाला आठवावं. चेहरा मूर्तीसारखा ठेवा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी घेतलेल्या २२ प्रतिज्ञा वाचायच्या भानगडीत पडू नका. सर्व माणसं समान मानण्याचीही एक आहे त्यात. तिच्यासाठी अजून अ‍ॅप निघालेलं नाही.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात लोक स्टॉलवरून पिशव्या भरभरून पुस्तकं नेत असतात. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर 'दादरला गर्दी, गाड्या काढू नका' एवढं टाका आणि खाली बुद्धाचं एखादं वचन चिकटवा. ते त्याचंच आहे का, हे तपासायची गरज नाही. ऐकीव गोष्ट नुसती ऐकली म्हणून मानू नका, हे त्याने कालाम नावाच्या लोकांना सांगितलं होतं. तुम्हाला थोडंच?