बाबूजींची सर नाही, मान्य. पुढं?

जुन्या मराठी गाण्याचं कुणी नवं व्हर्जन टाकलं की खाली एक तरी काका येतातच: "बाबूजींची सर नाही." बाबूजी म्हणजे सुधीर फडके; त्यांच्या जागी आशाताई, वसंतराव, गाण्याप्रमाणे जे असेल ते. मी स्वतःही अशी वाक्यं लिहिलेली आहेत, तीही बऱ्यापैकी खवचटपणे. त्यामुळे आज जे लिहितेय ते काकांच्या आधी मलाच लागू आहे.

आमच्याकडे कराडला गीतरामायणाच्या कॅसेटचा संच होता. रविवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, दाढीचं सामान घेऊन खिडकीत बसायचे आणि टू-इन-वन सुरू व्हायचा. 'पराधीन आहे जगती' लागलं की गालाला फेस लावणारा ब्रश मधेच थांबायचा. ते बरोबर गायचेही, सुरापेक्षा जरा खाली आणि बाबूजींच्या अर्धी ओळ पुढं, जणू बाबूजींना शब्द आठवून देताहेत. एकदा ती टेप आत गुंतली. अण्णांनी तासभर खपून ती सोडवली, पेन्सिल घालून परत गुंडाळली, पण सुरकुती पडली ती पडलीच. 'दोन ओंडक्यांची होते सागरात भेट' या कडव्यात 'सागरात'वर आलं की बाबूजींचा आवाज ओल्या कपड्यासारखा लोंबायचा आणि पुढच्या शब्दाला परत ताठ व्हायचा. आम्हा भावंडांना गाणं तसंच पाठ झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ते लोंबण्यासकट म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "घसा बसलाय का गं?"

२०१९ च्या पावसाळ्यात अण्णा गेले आणि ते गाणं मला लावता येईना. मुश्किल अशी की सांत्वनाला लोक नेमकं तेच पाठवतात. तेराव्यापर्यंत चार जणांकडून आलं, त्यातल्या एकावर तर मागं सूर्यास्त आणि होडी. मी एकही उघडलं नाही. बाबूजींचा पहिला आलाप आला की खिडकी, फेस, डेटॉलचा वास, सगळं एकदम अंगावर यायचं आणि शब्दांपर्यंत मी पोचायचेच नाही. गाण्यानं दुःख हलकं होतं वगैरे आपण फार सहज बोलतो. आवडतं गाणं कधी कधी जड होऊन बसतं, त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

दोन-अडीच वर्षं अशीच गेली. मग एका रात्री फोन चाळताना एक पोरगा समोर आला. वीस-बावीसचा असेल. पलंगावर मांडी घालून बसलेला, मोबाईलवर तानपुरा लावलेला, डोक्यावर पंख्याची घरघर. तबला नाही, पेटी नाही. गायला लागला तेच गाणं. मराठी नसावा, कारण 'मानवाचा'मधला च त्यानं चंद्रातला लावला, चाकातला नाही. एरवी एवढ्यावर मी पुढं सरकवलं असतं. पण त्याच्या आवाजात खिडकी नव्हती. अण्णा नव्हते. फक्त शब्द होते, आणि ते मी कदाचित पहिल्यांदाच ऐकत होते. मधेच आतून कुकरची शिट्टी झाली. पठ्ठ्या थांबला नाही, डोळेही उघडले नाहीत.

ओंडक्यांचं कडवं आलं तेव्हा लक्षात आलं की मी श्वास धरून बसलेय. 'सागरात'वर आवाज लोंबायची वाट बघत होते. लोंबला नाही. गाणं सरळ पुढं गेलं. मग मी रडले, चांगली पोटभर, आणि संपल्यावर परत लावलं.

त्या रात्रीपासून 'मूळ' या शब्दाकडे मी जरा संशयानं बघते. गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. ठरली होती ५२, त्या वर्षी अधिक मास आला म्हणून झाली ५६. गीतकार गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके तर होतेच, पण रेडिओवर ती गाणी एकट्या फडक्यांची नव्हती. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे अशा किती जणी आणि जण त्यात गायले. भरताचं 'माता न तू वैरिणी' गायलं वसंतराव देशपांड्यांनी. सगळीच्या सगळी फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात रेकॉर्ड झाली ती नंतर, आणि घराघरांत गेली ती हीच. म्हणजे १९५५ साली ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या हिशेबानं आमची कराडची कॅसेट हेच कव्हर! तेव्हाही कुणी आजोबा म्हणाले असतीलच, माणिकबाईंची सर नाही म्हणून.

आणि ते दोन ओंडके? ते तरी गदिमांचे कुठं. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात राम भरताला समजावताना हेच सांगतो: 'यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे', महासागरात जसं लाकडाला लाकूड भेटतं. गदिमांनी ते उचललं आणि असं मराठी केलं की आता संस्कृत श्लोकच भाषांतर वाटतो.

'कट्यार काळजात घुसली'त तर गंमतच आहे. १९६७ चं नाटक, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, गोष्ट पंडितजी आणि खाँसाहेब या दोन प्रतिस्पर्धी गायकांची. 'घेई छंद मकरंद' त्यात दोन चालींत आहे. एक पंडितजींच्या गायकीतलं, प्रसाद सावकारांनी गायलेलं, ठाय, एकेक सूर निरखत जाणारं; दुसरं खाँसाहेबांचं, वसंतरावांनी गायलेलं, उसळतं. शब्द तेच. यातलं मूळ कोणतं म्हणायचं? त्या दोन गाण्यांतलं अंतर हेच तर नाटक आहे. २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांना आवाज दिला वसंतरावांच्या नातवानं, राहुल देशपांड्यांनी, तेव्हाही तुलना करून करून लोक थकले.

आता याचा अर्थ सगळी कव्हरं गोड मानून घ्यायची असं नाही हं. काही अजिबात सहन होत नाहीत. आवाजाला इतका एको की माणूस विहिरीत बसून गातोय. चार कडव्यांचं गाणं एका कडव्यात उरकायचं, का तर रील संपतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मुरकी, फोडणीत मुठीनं मोहरी टाकल्यासारखी. गिटारवर माझा राग नाही, खुशाल वाजवा. पण ळ चा ल झाला की मी गाणं बंद करते. (त्या पोराच्या च ला माफी आणि यांच्या ळ ला नाही, हा अन्याय आहे, माहीत आहे मला.)

माझी कसोटी आता एवढीच: गाणारा गाण्यात आहे, की गाणं त्याच्या फोटोच्या मागं लावलंय? तो पोरगा गाण्यात होता. बाबूजींची सर नव्हतीच. ती असती तर मी ऐकूच शकले नसते.

परवा धीर करून तो व्हिडिओ आईला पाठवला. आई ७४ ची, कराडलाच असते, अण्णांची कॅसेट अजून कपाटात आहे, लावायला टेप नाही. तासभरानं फोन आला. मला वाटलं, रडली असेल.

"पोरगं छान म्हणतंय गं. पण ते आपलं अडकतंय तिथं ह्याचं अडकत नाही."

"नाही अडकत."

"मी थांबले होते तिथं." मग जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "आणि अर्ध्यातनं उठले बघ मी. कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला गेले, तर गॅसवर काहीच नाही. परत पाठव, शेवटचं राहिलंय."