तो पक्षी कमजोर म्हणून मरत नाहीये!

भाचीने शाळेच्या चार्टवर शेवटी लिहिलं होतं, ‘हा पक्षी कमजोर आहे म्हणून निसर्ग त्याला संपवतोय.’ विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाली, आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी इसाबेला बेटावरच्या मँग्रोव्ह फिंच या खारफुटीत राहणाऱ्या छोट्या पक्ष्याबद्दलचा मेसेज: त्याला पाहून डार्विनला उत्क्रांती सुचली, त्याची चोच गरजेप्रमाणे बदलते, आता तो स्पर्धेत टिकत नाही, तेव्हा त्याला वाचवणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ.

डार्विनचं आधी उरकते. तो १८८२ मध्ये वारला. या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन झालं १९०१ साली. १८३५ मध्ये जे फिंच त्याने जमवले, त्यांतला कुठला कुठल्या बेटावरचा, हेही नीट टिपलं नव्हतं.

चोचीचं अर्धं खरं आहे, मान्य. १९७७ च्या दुष्काळानंतर जीवशास्त्रज्ञ ग्रँट दांपत्याने गॅलापागोसच्याच डॅफ्ने मेजर बेटावर चोचींतला बदल मोजून दाखवला. पण तो फिंच वेगळा, आणि बदल पुढच्या पिढीत दिसला. जाड चोचीचे जगले, त्यांची पिल्लं तशी निघाली.

आणि स्पर्धा? कोणाशी? माणसांबरोबर बेटावर पोहोचलेल्या उंदरांशी? ते अंडी आणि पिल्लं खातात. की फिलॉर्निस डाउन्सी या परक्या माशीशी? ती घरट्यात अंडी घालते. अळ्या आधी पिल्लाच्या नाकपुड्यांत शिरतात, मग घरट्याच्या तळाशी लपून रात्री वर येतात आणि रक्त पितात. पिल्लाला अजून पिसंही फुटलेली नसतात. १९९७ मध्ये गॅलापागोसच्या घरट्यांत हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला. याला निसर्गाचा नियम म्हणायचं?

फर्नांदिना बेटावरून हा पक्षी गेलाच. इसाबेलावर खारफुटीच्या दोन छोट्या पट्ट्यांत जेमतेम शंभर उरलेत. ढवळाढवळ आपणच करून बसलोय. गॅलापागोसमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स डार्विन फाउंडेशन या संशोधन संस्थेची माणसं ती निस्तरताहेत. उंदीर आवरले, आणि २०१४ पासून उंच झाडांवरची अंडी काढून गॅलापागोसच्याच सांताक्रूझ बेटावर नेली, पिल्लं हाताने भरवून मोठी केली, पुन्हा त्याच खारफुटीत सोडली.

भाचीला हे सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य तिने खोडलंय. त्या जागी आता घरटं काढतेय, खाली अळ्यांसकट.