डाव्या सीटवरचा विमा

मास्तर, अभिनंदन! दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पगारावर आठ वर्षं ब्रेक दाबून झाले, आता स्वतःची गाडी घेतलीत. लायसन्स मिळालं, डबल कंट्रोल (आपल्या डाव्या सीटपुढचं जादा ब्रेकचं पेडल) बसवला, टपावर बोर्ड चढला. राहता राहिला विमा. सहाच्या आणि सातच्या बॅचच्या मधल्या चहात उरकून टाका. मीही तसाच उरकला होता.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमा हा पोलिसाला दाखवायचा कागद असतो. नसला तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,००० (तुरुंगाचंही लिहिलंय, पण आपण कशाला अशुभ बोला). तेव्हा सगळ्यांत स्वस्त थर्ड पार्टी घ्या. त्यात आपण ज्याला ठोकलं त्याची भरपाई होते, आपल्या गाडीचा चेंदा आपणच निस्तरायचा. तुमच्या गाडीत रोज दहा माणसं आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरणार. तिला कसला आलाय धोका?

आपल्या गाडीचंही नुकसान देणाऱ्या फुल पॉलिसीची हौस असेलच, तर वापर 'खाजगी' असा सांगा. गाडी शिकवणीला लावणार असं कळवलं की हप्ता वाढतो, आणि वाढलेला हप्ता एजंटालाही आवडत नाही, कारण मग तुम्ही दुसऱ्या एजंटाकडे जाता. खाजगी गाडीच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, की भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरलेली गाडी यात बसत नाही. त्याच पानावर असंही असतं, की लर्निंगवालासुद्धा गाडी चालवू शकतो, फक्त नियम पाळायचे, म्हणजे शेजारी शिकवणारा हवा आणि लाल 'एल'चा बोर्ड हवा. हे दुसरं वाक्य तोंडपाठ करा. पहिल्यावर चहाचा कप ठेवा.

गाडी बायकोच्या नावावर घेतलीत ना? उत्तम. कर्ज तिच्या पगारावर बसत होतं, माझंही तसंच. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मालकाचा, आणि मालकाकडे चालू लायसन्स हवं. आपल्या मालकीणबाईंना लायसन्स नाही, कारण गावाला गाडी शिकवणाऱ्याला घरी शिकवायला सवड नाही. तुम्ही दिवसाचे दहा तास त्या गाडीत बसता, पण मालक नाही. कागदावर तुम्ही तिच्या गाडीतले एक बिनविम्याचे प्रवासी. आणि पॉलिसीच्या अटी मोडल्या म्हणून कंपनीने जखमी माणसाला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायचं ठरवलं, तर ती नोटीसही बाईंच्याच नावाने येईल. त्या दिवशी घरी उशिरा जा.

क्लच प्लेटचा क्लेम मात्र जरूर टाका. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून 'सर, आता सोडू?' असं तीन मिनिटं विचारणारे विद्यार्थी तुम्हालाही भेटतीलच. काचा खाली केल्या तरी तो जळका वास दुपारच्या डब्यापर्यंत नाकात राहतो. विमा झीज देत नाही, यांत्रिक बिघाडही देत नाही. आपल्या धंद्यात जे खात्रीने मोडतं, नेमकं तेच सोडून बाकी सगळ्याला संरक्षण आहे. बंपर फुटला तर मिळतात पैसे. प्लास्टिक म्हणून निम्मे कापून, आणि वर सक्तीचे १,००० आपल्या खिशातून. 'झिरो डेप' हे जादा हप्त्याचं कलम घेतलं तर ती निम्मी कपात टळते, पण हप्ता वाचवायचा म्हणून तुम्ही ते घेणार नाहीच.

स्वतःच्या हातापायांचं काय? लोकांचं हातावर पोट असतं, आपलं उजव्या पायावर. तो दोन महिने प्लास्टरमध्ये गेला तर बोर्ड उतरवावा लागेल. तेवढ्या काळात आठवड्याला काही रक्कम देणारं कलम अपघात पॉलिसीत मिळतं, पण ते मागावं लागतं आणि मागायची आपल्याला लाज. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा सरकारी अपघात विमा मिळतो, तोही नको. वडापावाच्या किमतीत मिळणाऱ्या गोष्टीवर कोण भरवसा ठेवतं! त्यापेक्षा मेव्हण्याकडून वीस वर्षांची पैसे परत मिळणारी पॉलिसी घ्या. विमा थोडा, हप्ता घसघशीत, पण भाऊबीजेला वातावरण छान राहतं.

आता क्लेम कसा करायचा ते. आमच्या एका काकूंनी सोसायटीच्या गेटमधून निघताना ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. माझा पाय पोचेपर्यंत खांब पोचला होता. एजंटाने सल्ला दिला, 'तुम्हीच चालवत होता म्हणा.' मी टपावरचा बोर्ड काढला, मागचा 'एल' खरवडला आणि नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेयरची वाट बघत बसलो. मनुष्य शांत. बोनेटचे फोटो काढले, मग ड्रायव्हरचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिला. सीट स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली, आणि तिच्यावर काकूंची फुलाफुलांची उशी.

'तुमची उंची किती?' त्याने विचारलं.

'पाच दहा.'

त्याने उशीचा फोटो काढला. मग डाव्या बाजूला येऊन वाकला आणि तिथलं ब्रेकचं पेडल हाताने दाबून पाहिलं. ते गाडीत सगळ्यांत व्यवस्थित चालणारं यंत्र होतं.

क्लेमचं काय झालं ते विचारू नका. उशी तेवढी काकूंनी परत नेली.

परवा आमच्या एजंटाचा फोन आला. म्हटलं, रिन्यूअलचा असेल. तर नाही, त्याच्या मुलीचं लर्निंग निघालंय, सातच्या बॅचला जागा आहे का, फी किती, गाडी कुठली. सगळं ठरल्यावर आवाज जरा खाली घेऊन म्हणाला, 'सर, पोरगी बसणार आहे म्हणून विचारतो, गाडीचा विमा वगैरे नीट आहे ना?'