काकू, ब्लीचमध्ये अ‍ॅसिड टाकू नका बरं

पाऊस लागला की हा फॉरवर्ड येतोच, काल काकूंनी पाठवला. "बाथरूमची काळी बुरशी म्हणजे कोरोनातला ब्लॅक फंगस, अ‍ॅसिड आणि ब्लीच अर्धं अर्धं मिसळून भिंतीवर टाका, दार लावून अर्धा तास ठेवा, वरून ऑइल पेंट मारा, जन्मात परत येणार नाही." नागपुरात मानेवाड्यापासून गोधनीपर्यंत फिरून राहिला असेल हा.

आधी ते मिसळायचं पाहू, बाकीचं चुकलं तर फार तर भिंत खराब होईल. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट आणि टाइल्सचं जे अ‍ॅसिड आपण आणतो ते हायड्रोक्लोरिक, संडासाच्या क्लीनरमध्येही बरेचदा तेच असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हो तोच, पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये जर्मनांनी बेल्जियमच्या ईप्रला सैनिकांवर सोडलेला. हवेपेक्षा जड असतो त्यामुळे खाली साचतो, आणि घासणारा माणूस खालीच उकिडवा बसलेला असतो ना. दार लावलं तर अजूनच कोंडतो, मग अर्ध्या तासानं दार उघडून आत कोण जाणार, घरची बाईच! व्हिनेगर टाकलं तरी क्लोरीनच, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड टाकलं तर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. चुकून झालंच आणि डोळे चुरचुरले, तर बादली तिथंच सोडून बाहेर मोकळ्यात या, दम लागत असेल तर सरळ दवाखाना.

ब्लॅक फंगसचं म्हणाल तर २०२१ मध्ये आपण नागपूरकरांनी ते जवळून पाहिलं म्हणून भीती बसली, समजू शकतो. पण तो म्युकर नावाच्या बुरशीचा आजार, ती बुरशी माती-कुजक्या पाल्यातली, आजार शुगर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटना जास्त झाला. काळं पडतं ते मेलेलं मांस, बुरशी नाही. टाइल्सच्या फटीतली काळी बुरशी सहसा वेगळीच असते. म्हणून ती निरुपद्रवी असं नाही हं, दम्याच्या माणसाला त्रास होतो, त्याला घासायला लावू नका.

घासायचं कसं? ग्लोव्हज, गॉगल, एन-९५ मास्क, खिडकी उघडी, डिटर्जंटचं पाणी आणि ब्रश, मग वायपर मारून पूर्ण कोरडं. बस. अमेरिकेची ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था, पण म्हणते की रोजच्या सफाईला ब्लीचची गरज नाही, कारण मेलेली बुरशीही काहींना अ‍ॅलर्जी करते, ती काढावीच लागते. डाग साधारण १० चौरस फुटांपेक्षा मोठा असेल तर मात्र स्वतः हात नका घालू. जिप्समचं फॉल्स सीलिंग आतपर्यंत काळं झालं असेल तर तेवढा तुकडा बदला.

पेंटचं तर बोलायलाच नको, ओल्या भिंतीवर मारला की पोपडे येतात आणि खाली बुरशी मजेत.

आणि "जन्मात परत येणार नाही"? अहो मे महिन्यात ४५ डिग्रीत ती आपोआप सुकते, आपल्याला वाटतं उपाय लागू पडला, जुलैत पुन्हा हजर. आमच्याकडे तीन पावसाळे घासून घासून हात दुखले, शेवटी कळलं की टाकीच्या पाइपचा जॉइंट भिंतीत गळत होता, प्लंबरनं तो बदलला तेव्हा डाग यायचा थांबला. आता आंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवतो, ओले टॉवेल आत टांगत नाही.

काकू, तुमच्या त्या काळ्या भिंतीमागं किचनचं सिंक आहे ना, आधी त्याचा पाइप पाहून घ्या.