गुरुजी, बारावी चूक तुमच्या नजरेतून सुटली

नमस्कार गुरुजी,

मागच्या लेखासोबत माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीचं पान टाकलं होतं. त्या आठ ओळींत तुम्ही ११ चुका काढल्यात. मी १२ काढल्या होत्या. शेवटून दुसऱ्या ओळीतला दीर्घ 'आणी' तुमच्या नजरेतून सुटला. ३६ वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला हे सांगताना थोडी मजा वाटली, लपवत नाही.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. तुमच्या वर्गात रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि दहा शब्दांचं श्रुतलेखन व्हायचं. चुकलेला शब्द दहादा लिहावा लागायचा, आणि मुलं घडाघडा वाचायची. मी मात्र लाल पेन टाकून दिलं, मुलांना घरच्या बोलीत लिहू देते आणि वाचनाच्या तासाला गप्पा मारते, असा तुमचा आरोप. "१९५८ साली मी पहिलीत गेलो तेव्हापासून असले प्रयोग बघतोय. प्रयोग येतात-जातात, पोरं अडाणी राहतात," हे तुमचं शेवटचं वाक्य.

आधी त्या पानाबद्दल. ते कच्च्या वहीतलं पान होतं. माझ्या वर्गात प्रत्येकाच्या दोन वह्या असतात, कच्ची आणि पक्की. पक्क्या वहीत गेलेलं लेखन मी तपासते, तिथे 'आणी' चालत नाही. हे लेखात नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं. ही तेरावी चूक, माझी.

आता ते पान कसं तयार झालं ते ऐका. ही मुलगी तिसरीपर्यंत निबंध लिहायची आणि तिला दहापैकी आठ गुण पडायचे. तिच्या जुन्या वहीत 'पावसाळा' आहे. 'नद्या-नाले दुथडी भरून वाहू लागतात. सृष्टी हिरवा शालू नेसते.' एकही चूक नाही. गुरुजी, आमची शाळा माणदेशात आहे. त्या वर्षी तिच्या वस्तीवर टँकर येत होता. शालू हा शब्द तिनं गाईडमधून उतरवला होता. शालू म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, झाड असंल." त्या निबंधात तुम्हाला लाल पेन लावायला जागाच मिळाली नसती. मला तो निबंध त्या बारा चुकांपेक्षा जास्त घाबरवतो.

मग एके दिवशी तिनं स्वतःहून तीन ओळी लिहून आणल्या. 'काल आमची शेळी याली. दोन करडं झाली. येक मेलं.' इथे मला दोन वाटा होत्या. 'याली' खोडून वर 'व्याली' लिहायचं, 'येक'चं 'एक' करायचं आणि वही परत द्यायची, किंवा विचारायचं, "दुसरं कसं आहे गं?" मी विचारलं. ती बोलत सुटली. करडू थरथरत होतं, आईनं ते जुन्या लुगड्यानं पुसलं, आजी म्हणाली की हे जगतंय. मी म्हटलं, हे लिही की. तुम्ही ज्या आठ ओळी तपासल्यात त्या त्यानंतरच्या. पहिल्याच तीन ओळींत मी दोन ठिकाणी लाल केलं असतं, तर पुढच्या आठ आल्याच नसत्या. हे अंदाजानं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत मी नेमकं तेच केलं, आणि त्या वर्षांतल्या वह्यांत तीनच्या पुढे ओळी सापडत नाहीत.

बोलीबद्दल तुमचा आक्षेप जास्त टोकदार आहे: 'उद्या अर्जात "म्या" लिहिणार का?' नाही लिहिणार. वर्गाच्या भिंतीवर आमचा एक तक्ता आहे, डावीकडे घरची भाषा, उजवीकडे पुस्तकाची भाषा. 'याली'समोर 'व्याली', 'न्हाय'समोर 'नाही', 'पानी'समोर 'पाणी'. मुलं रोज त्यात भर घालतात. पक्क्या वहीत उजवीकडचं वापरायचं. पण गोष्टीत आजी बोलत असेल तर तिच्या तोंडी डावीकडचं राहू द्यायचं. हा भेद चौथीतल्या पोरांना आठवड्यात कळला. डावीकडच्या शब्दाला 'चूक' म्हणायचं नाही एवढाच माझा हट्ट आहे, कारण ती भाषा त्यांच्या आईची आहे.

आणि शुद्धलेखन दगडावर कोरलेलं नसतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? १९५८ साली पहिलीत तुम्ही 'कांहीं' आणि 'नाहीं' टिंबं देऊन लिहायला शिकला असाल. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४. मधल्या काळात ती न उच्चारली जाणारी टिंबं गेली. काल बरोबर असलेलं तुमचं अक्षर आज चुकीचं ठरलं. तेव्हा तुम्ही काही एका रात्रीत अडाणी झाला नाहीत.

आता वाचनाकडे येते, खरं भांडण तिथे आहे.

गेल्या जूनमध्ये हा वर्ग हातात आला तेव्हा मी एकेकाला जवळ बसवून वाचून घेतलं. एका मुलानं पानभर उतारा कुठेही न अडखळता वाचला, अगदी तुमच्या शब्दात घडाघडा. मी शाबासकी दिली आणि विचारलं, "काय होतं रे यात?" त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. "न बघता सांग." गप्प. "कोण कोण होतं?" गप्प. तो लबाडी करत नव्हता. वाचणं म्हणजे अक्षरांचे आवाज काढणं, अशी त्याची समजूत होती, आणि ते काम त्यानं चोख केलं होतं. तीन वर्षं शाळेनं त्याला त्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाचे टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, चौथीपासून शिकण्यासाठी वाचू लागतं. हा सांधा आपल्याकडे तर फारच कडक आहे. चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक येतं आणि त्यासोबत तह, स्वारी, मुलूख, जहागीर असे शब्द येतात, जे घरात कुणी बोलत नाही. घडाघडा वाचणारं मूल इथे आपटतं. घडाघडा वाचत असल्यामुळे ते आपटलंय हे आपल्या लक्षातही येत नाही.

'आमच्या वेळी सगळी पोरं वाचायची' असं तुम्ही म्हणता. गुरुजी, १९६१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता २८ टक्के होती. जी वाचत नव्हती ती तुमच्या वर्गातच नव्हती, गुरं राखत होती. आज ती माझ्या वर्गात आहेत, आणि असायलाच हवीत. तुमच्या बाजूनेही एक सांगते. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचता येणारी २०१८ मध्ये निम्मी होती, ती कोविडनंतर २०२२ मध्ये ४३ टक्क्यांवर आली. म्हणजे तुमची काळजी खोटी नाही. पण ही चाचणीही मुळात वाचून दाखवण्याचीच आहे. ज्यांना वाचता आलं त्यांतल्या किती जणांना कळलं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून त्या 'गप्पा'. गप्पांना आमच्याकडे शिस्त आहे. उतारा अर्ध्यावर थांबवायचा. प्रत्येकानं एक प्रश्न काढायचा आणि त्याची जात सांगायची: उत्तर ओळीत आहे, दोन ओळींच्या मध्ये आहे, की आपल्या डोक्यात आहे? ओळीतलं असेल तर त्यावर बोट ठेवायचं. मधलं असेल तर कुठल्या दोन ओळी जोडल्या ते सांगायचं. सुरुवातीला सगळे प्रश्न 'राजाचं नाव काय?' छापाचे होते. दिवाळीनंतर एका पोरानं विचारलं, "म्हातारी खोटं बोलली ते लेखकानं कुठंच लिहिलं नाही, मग आपल्याला कसं कळलं?" त्या एका प्रश्नावर अख्खा तास गेला. त्या दिवशी श्रुतलेखन झालं नाही, हे कबूल.

एक प्रसंग तुम्हाला आवडेल. मेंढपाळांवरचा एक उतारा मी वर्गात आणला होता. त्यात एक वाक्य होतं, 'शेतकऱ्यानं वाड्याला चार रात्री बसवून घेतलं.' घडाघडा वाचणाऱ्या पोरांना वाटलं, वाडा म्हणजे मोठं घर, आणि घराला कसं बसवणार? एक मुलगा मागे बसतो, त्याचं घर वर्षातले काही महिने मेंढरांबरोबर फिरतं. वाचताना तो शब्दाशब्दाला अडखळतो. तोच उठला आणि म्हणाला, "वाडा म्हंजी मेंढरं. रातीला रानात बसवत्यात, लेंडीखत हुतं." मग शेतकरी मेंढपाळाला धान्य का देतो, हे त्यानं सगळ्यांना समजावलं. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघी अमेरिकी संशोधकांनी बेसबॉलच्या सामन्याचा उतारा ६४ मुलांना वाचायला दिला होता. खेळ माहीत असलेली कच्ची वाचकं त्यात खेळ माहीत नसलेल्या पक्क्या वाचकांच्या पुढे गेली. माझ्याकडे बेसबॉलच्या जागी मेंढरं होती. तेव्हापासून मी मुलांना विषय धरून वाचायला देते, एका विषयावर तीन-चार तुकडे, म्हणजे शब्द पुन्हापुन्हा भेटतात. 'किशोर'चे जुने अंक त्याला फार उपयोगी पडतात.

व्याकरणाचं तुम्ही विचारलंत. ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम त्यात चक्क उणे निघाला, आणि लहान वाक्यं जोडायला शिकवण्याचा चांगला. ते सगळं इंग्रजीतलं, मराठीला जसंच्या तसं चिकटवायचं नाही. पण वाक्यं जोडायला आपली भाषा काय सुंदर आहे! 'एक करडू मेलं. आई रडली नाही.' मुलांनी जोडून बघितलं: 'करडू मेलं तरी आई रडली नाही.' 'करडू मेल्यावर आई रडली नाही.' ज्या मुलीची ती गोष्ट होती तिला 'तरी' पटेना. म्हणाली, "तरी म्हटलं की आई निर्दयी वाटती." तिनं लिहिलं, 'एक करडू मेलं म्हणून आई रडत बसली नाही, तिनं दुसऱ्याला पुसायला घेतलं.' उभयान्वयी अव्यय हा शब्द मी नंतर सांगितला. तोवर त्यांना त्याची गरज पडली होती.

ऱ्हस्व-दीर्घही असंच. मुलांना जोड्या गोळा करायला लावल्या: दूध-दुधात, फूल-फुलाला, पीठ-पिठात, विहीर-विहिरीत, बहीण-बहिणीला. दहा-बारा जोड्या झाल्यावर नियम त्यांनीच सांगितला. दुसऱ्या दिवशी एक जण तावातावानं आला, "बाई, शरीर-शरीरात! नियम मोडला." संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द असे वागतात, हे सांगायला मला याहून चांगली वेळ कधी मिळाली असती?

आता जिथे तुम्ही बरोबर आहात ते. श्रुतलेखन मी बरेच दिवस पूर्ण बंद ठेवलं होतं, आणि ते चुकलं. मुलं मोकळेपणानं लिहायला लागली, पण जोडाक्षर आलं की वाट वाकडी करायची. 'सूर्य' लिहायचा कंटाळा म्हणून 'ऊन'. 'प्रश्न विचारला' लिहायचं टाळून 'बोलला'. चुका दिसत नव्हत्या, कारण अवघड शब्दच दिसत नव्हते. हे मला तपासताना नाही, एका मुलाशी बोलताना कळलं. तोंडानं तो 'आश्चर्य' म्हणाला आणि कागदावर 'नवल' लिहिलं. हाताला वळण लागतं ते पुन्हापुन्हा लिहूनच, या तुमच्या म्हणण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. आता दर मंगळवारी पाच वाक्यांचं श्रुतलेखन असतं. वाक्यं मुलांच्याच पक्क्या वह्यांतली, तपासणी जोडीनं, फळ्यावर बघून. 'आशीर्वाद'चा रफार कुठल्या अक्षरावर, यावरून मागच्या मंगळवारी हाणामारीच व्हायची बाकी होती. दहा-दहा वेळा लिहायला मात्र लावणार नाही. दहा वेळा लिहिताना मुलं आधी उभी एक रांग 'आ' काढतात, मग खाली खाली 'शी'. तुमच्याही वर्गात काढत असणार, आठवून बघा.

एक विनंती आहे. माझ्या मुलांना पत्र हा प्रकार पाठ्यपुस्तकात 'तीर्थरूप बाबांस' म्हणून माहीत आहे. खरं पत्र कुणालाच कधी आलेलं नाही. तुम्ही वर्गाला एक पत्र लिहाल का? १९५८ ची तुमची शाळा कशी होती, पाटीवर काय लिहायचात, मार कशाबद्दल खाल्लात, काहीही. प्रत्येक मूल तुम्हाला उत्तर लिहील. चुका तुम्ही मोजालच, पण आधी त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. शाळेचा पत्ता तुम्हाला वेगळा कळवते. अक्षर जरा मोठं काढा, मागच्या बाकावरच्या एका मुलीचा चष्मा अजून यायचाय.